देवीला लोखंड चालत नाही

बांजखेतच्या रानात भगवतीने जीभ बाहेर काढली, आणि आसपासच्या दहा गावांतलं कुणी घरी बसायला तयार होईना. म्हाताऱ्या गुडघ्यांवर हात देत डोंगर चढत होत्या, बायका पाठीला पोरं बांधून चढत होत्या. हल्द्वानीला नोकरीला असलेले चिरंजीव, जे आई आजारी पडली तर फोनवर विचारपूस करून मोकळे होतात, तेसुद्धा रजा टाकून चढत होते. बिचाऱ्या आईला अशी जीभ काढायची कधी सुचली नाही, त्याला ते तरी काय करणार!

जीभ आली होती एका मेलेल्या बांजाच्या खोडातून. साहेबाच्या भाषेत ओक. पानं केव्हाच गळालेली, साल सुटत आलेली, आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एका फटीतून बाहेर आलेली वीतभर रुंद, लाल, ओली, वरून खरखरीत जीभ. तिच्याभोवती लाल चुनरी. शेजारी वाघाच्या कातड्याचा छाप मारलेल्या सतरंजीवर पदमगिरी महाराज. ते मधूनमधून उठत, बांबूची कामटी जिभेत हळूच खुपसत, आणि खालच्या तांब्याच्या लोट्यात लाल थेंब पडत. दर थेंबाला जयजयकार.

"पाच वर्षं झाली जंगल आईला देऊन!" महाराज गर्जत. "कुणी तिला पाण्याचं विचारलंत? आई तहानली, जीभ बाहेर आली! पण आई ती आईच. स्वतः तहानलेली, आणि लेकरांना रक्त पाजतेय. अशक्तपणा असो, कावीळ असो, कोर्टातली केस असो, सकाळी अनशापोटी एक चमचा!"

कोर्टातली केस अनशापोटी कशी बरी होते, हे कुणी विचारलं नाही.

नियम एकच होता, पण कडक. देवीला लोखंड चालत नाही. गवताला निघालेल्या बायकांनी विळे खालच्या पायवाटेवर ठेवायचे, पुरुषांनी किल्ल्या काढायच्या. एका फौजीचा पट्टा बकलापायी उतरवून घेतला, तेव्हा तो एका हाताने पँट धरूनच नमस्कार करता झाला. दानपेटी लाकडाची, आणि तिच्यात नाणी टाकायची नाहीत, कारण नाण्यांत लोखंड असतं. नोटांत नसतं. नोटा देवीला बेलाशक चालत होत्या.

त्या रांगेत मोहिनी नयाल आपल्या ईजाच्या मागे उभी होती. ईजा म्हणजे आई. मोहिनी बांजखेतचीच लेक, अल्मोड्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, नंदाष्टमीच्या जत्रेसाठी माहेरी आली होती. गावातल्या जुन्या माणसांनी तिला शेंबडी पाहिलेली, त्यामुळे तिच्या विद्वत्तेचा त्यांना फारसा त्रास नव्हता. तिला मात्र त्यांच्या भाबडेपणाचा फार होता. दहा हातांवरून तिने जीभ पाहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "ईजा, हे अळंब आहे. लाकडासारखं टणक असतं. वरून शेंदूर फासलाय झालं!"

"गप गं!" ईजाने कोपर मारलं.

पण महाराजांचे कान तीक्ष्ण होते. "कोण बोललं? खीमसिंहजी, ही कोण?"

खीमसिंह गावच्या वनपंचायतीचे सरपंच. जंगलातली चोरटी तोड थांबेना, तेव्हा पाच वर्षांसाठी जंगल भगवतीला वाहून टाकायची युक्ती त्यांचीच. त्या दिवसापासून तिथली वाळकी काडीही कुणी उचलत नव्हतं. वनरक्षकाला जे जमलं नाही ते देवीने फुकटात केलं होतं. त्यामुळे आता देवीने दर्शन दिलं, तर ते आपल्यावर खूश होऊन दिलं, असं त्यांना मनोमन वाटे.

"आमची मोहिनी आहे, महाराज. प्रोफेसरीण आहे. पानाफुलांची."

"मग या, प्रोफेसरीणबाई. अंगठी सोन्याची आहे ना? चालेल. लावा हात, टणक आहे का सांगा सगळ्यांना."

मोहिनी तरातरा पुढे गेली आणि तिने जीभ दाबली. बोट मऊ मटणात रुतावं तसं रुतलं. थंडगार, बुळबुळीत. महाराजांनी कामटी टोचली आणि तिच्या तळहातावर लाल थेंब ओघळला. बोटांनी चोळला. शेंदूर नव्हता, कुंकू नव्हतं, कसलाच रंग नव्हता. रस आतून येत होता.

"बोला," महाराज गोड आवाजात म्हणाले. "टणक आहे?"

"नाही."

"शेंदूर आहे?"

"नाही."

"मग काय आहे?"

खरं उत्तर होतं, "मला माहीत नाही." मोहिनीचा सगळा जन्म नेच्यांवर गेला होता, अळंब्यांची तिला जुजबी ओळख, आणि असलं काही तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण हे तीन शब्द प्रोफेसर लोकांच्या गळ्यात अडकतात. ती बोटं पुसत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "चार बुकं शिकली आणि देवीचा हात धरायला निघाली!" आणि सगळी रांग खदखदा हसली. खीमसिंह, म्हणजे तिचे खीमकका, हसले ते जरा जास्तच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत मोहिनी खाली उतरली.

घरी तिच्या धाकट्या भावाची बायको, हेमंती, अंगणात मडवा, म्हणजे नाचणी, पाखडत होती. सातवा संपून आठवा लागलेला. मोहिनीला पाहून ती पाया पडायला उठली, आणि उठताना भिंतीला धरून थांबली. ओठ फिके, नखं फिकी, चार पावलांत धाप.

"डोळे बघू," मोहिनीने तिची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक. "तपासणीत रक्त किती निघालं होतं?"

"सात, दिदी. नर्सबाई म्हणाल्या, वाढलं नाही तर बाळंतपणाला धोका आहे. लाल गोळ्या दिल्यात."

"घेतेस ना?"

हेमंतीने सासूकडे पाहिलं. सासूने चुलीकडे. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती, एकही फोडलेलं नव्हतं.

"ईजा, हा काय प्रकार?"

"प्रकार कसला? त्या गोळ्यांत लोह असतं म्हणाली नर्स. मी महाराजांना विचारलं, गोळीतलं लोखंड चालतं का? ते म्हणाले, लोखंड म्हणजे लोखंड. देवीचं रक्त घेताय तोवर लोहाचा कणही पोटात जाता कामा नये." ईजाने पदराने तोंड पुसलं. "रोज सकाळी चमचाभर देते मी तिला. देवीचं रक्त सोडून गोळ्या कशाला?"

आतापर्यंत हा सगळा फाजील तमाशा होता. आता तो घरात शिरून सुनेच्या पोटापर्यंत पोहोचला होता. रुग्णालय तीन तासांवर, त्यातला निम्मा रस्ता पावसाने वाहून गेलेला. अंगात रक्त नसलेल्या बाईला बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं, तर काय होतं हे सांगायला प्रोफेसर लागत नाही.

"दिवान, तू तरी काही बोल! बायको तुझी आहे."

दिवान दारात जीपची किल्ली बोटावर फिरवत होता. देवीला लोखंड चालत नाही म्हणून त्याची जीप अर्ध्या मैलावर थांबे. पण दिवसाला सहा फेऱ्या भरून होत होत्या, आणि कर्जाने घेतलेली जीप पहिल्यांदाच हसत होती. "दिदी, एवढे लोक काय वेडे आहेत? आणि तू तरी सांगितलंस का ते काय आहे?"

मोहिनी रागाने लाल झाली आणि मग, तिचं नशीब, शहाणी झाली. आपल्याला माहीत नाही ना? मग माहीत करून घ्यावं.

ईजाने सकाळी प्रसाद आणला होता, जिभेचा बोटभर तुकडा, बांजाच्या पानात गुंडाळून. मोहिनीने तो घेतला, भिंग काढलं आणि पंत सरांना फोन लावला. पंत सर तिच्याच कॉलेजातून निवृत्त झालेले, आयुष्यभर अळंब्यांमागे रानोमाळ हिंडलेले आणि बायकोच्या शिव्या खाल्लेले.

"झाड कुठलं?" सरांनी विचारलं.

"बांज. मेलेलं."

"खालची बाजू बघ. बारीक नळ्या दिसतील. एकमेकींना चिकटलेल्या की सुट्या?"

मोहिनीने भिंग लावलं. "सुट्या! प्रत्येक नळी वेगळी. काड्यांची जुडी उभी करावी तशा."

"अरे वा! कापल्यावर आत?"

"मटणासारखे पट्टे. लाल रस. वास आंबूस."

"चव?"

"सर, अनोळखी अळंब तोंडात घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"पास झालीस. पुष्कळ देशांत असल्या अळंबीला बैलाची जीभ म्हणतात, आणि ती ओकावर येते. लोक खातातसुद्धा. पण मी फोनवरून शपथ घेणार नाही. तुकडा पाठव, हातात घेतल्यावर बोलेन. तोवर एक कर. तिच्या रसात तुरट द्रव्य असतं, चहात असतं ना, अक्रोडाच्या सालीत असतं, तसं. त्याला जरा लोखंड दाखव."

"काय दाखवू?"

"लोखंड. काळं होईल. शाईसारखं."

मोहिनी फोन कानाला लावून तशीच बसली. लोखंड. विळे खाली ठेवा, किल्ल्या खाली ठेवा, कामटी बांबूची, लोटा तांब्याचा. देवीला लोखंड चालत नाही! नाहीच चालणार! लोखंड लागलं की देवीचं बिंग फुटतं.

"आणि सर, हे रोज घेतलं आणि वर लोहाच्या गोळ्या बंद केल्या, तर?"

सरांचा आवाज चढला. "गर्भारणीला? अगं, एक तर गोळी बंद, आणि जेवणातलं जे थोडंफार लोह जातं तेही असला रस पोटातच धरून ठेवतो. चहाबरोबर गोळी घेऊ नका म्हणतात ते काय उगाच? ताबडतोब थांबव."

मोहिनीने चुलीवर लोखंडी कढई ठेवली. भटाची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, डाळ काळीभोर शिजते ती हीच कढई. ईजा ओरडून पुढे येईपर्यंत तिने लोटीतलं देवीचं रक्त कढईत ओतलंही होतं. चर्र झालं. कडेने रस आधी जांभळट झाला, मग काळा, मग काजळासारखा मिट्ट.

"बघ!" मोहिनी विजयाने म्हणाली.

ईजाने पाहिलं आणि मटकन खाली बसली. "आई काळी झाली! माझ्या घरात! अगं सटवे, काय केलंस हे? आता माझ्या सुनेचं काय होणार?"

घ्या! पुरावा दाखवला आणि भक्ती दुप्पट झाली. अशा वेळी भाषण उपयोगाचं नसतं, हे मोहिनीला वीस वर्षं शिकवून कळलेलं नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. तिने आवाज खाली आणला आणि ईजाशेजारी जमिनीवर बसली.

"ईजा, अष्टमीचा बोकड कापतात तेव्हा रगत तूच शिजवतेस ना? याच कढईत?"

"मग कुणाच्या?"

"ते काळं होतं का असं?"

"छट्! ते तपकिरी होतं, भुर्जीसारखं. आणि कढईत जायच्या आधी ताटलीतच साकळतं. घाई केली नाही तर वड्या पाडाव्या लागतात."

"आणि हे लोटीत कधीपासून आहे?"

"परवापासू..." ईजा थांबली. लोटी उचलून तिने तळाशी उरलेला रस हलवून पाहिला. पातळ, पाण्यासारखा. परवापासूनचं रक्त, आणि एक गाठ नाही. पन्नास वर्षं बोकडाचं रगत शिजवलेल्या बाईला हे आजवर दिसलं नव्हतं, कारण देवीच्या वस्तूकडे स्वयंपाकिणीच्या नजरेने बघायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईजाने हेमंतीच्या हातात चमचा दिला नाही. म्हणाली, "चल गं मोहिनी, वरच्या रानात जरा फिरून येऊ."

वरच्या रानात पाच वर्षांत माणूस फिरकला नव्हता. ईजा पुढे, मोहिनी मागे. वाटेत ईजाने मनातली शंका काढलीच. "तुझं अळंब खरं धरलं, तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून या रानात येतेय. एकदाही दिसलं नाही ते कसं? माझ्या सासूला नाही दिसलं, तिच्या सासूला नाही. महाराज म्हणतात ते खोटं कसं म्हणू?"

मोहिनीसमोर एक मेलेला बांज उभा होता, पलीकडे दुसरा, खाली ओढ्याकडे आणखी दोन. निष्पर्ण, करडे, जागच्या जागी कुजत उभे. ती थबकली.

"ईजा, पूर्वी असं मेलेलं झाड इथे उभं राहिलं असतं?"

"उभं?" ईजाला हसू आलं. "खीमची बायको जसुली आणि मी, दोघींनी सरपण करून घरी नेलं असतं. वाळकं बांज म्हणजे सोनं. कुजू कोण देणार त्याला?"

बोलता बोलता तिची नजर पुन्हा त्या खोडांकडे गेली. मेलेलं झाड चुलीत जात होतं, तोवर त्याच्यावर काही उगवायला सवड कुठे होती? देवीला जंगल वाहिलं, झाडं जागेवर कुजली, आणि जे कुजलेल्या बांजावर येतं ते आलं. ओढ्याकडच्या दोन्ही झाडांवर दोघींनी ते पाहिलं. एकावर एक जीभ, दुसऱ्यावर दोन.

ईजाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "हात मेल्या! देवीला जिभा तरी किती?"

नंदाष्टमीला रानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराजांनी कपाळभर शेंदूर थापला होता. आरती झाली, थेंब पडले, जयजयकार झाला. ईजा पहिल्या रांगेत हात जोडून उभी. आरती संपताच ती पुढे झाली.

"महाराज, एक विचारायचं होतं. लोखंड आत आणलं तर काय होतं?"

"शिव शिव! त्या क्षणी रक्त थांबेल, आणि आणणाऱ्याचं घर बसेल!"

ईजाने कमरेला गुंडाळलेल्या पटक्यात हात घातला आणि विळा बाहेर काढला. बायकांच्या रांगेतून किंकाळी उठली.

"पहाटेपासून कमरेला आहे," ईजा शांतपणे म्हणाली. "आरतीभर होता. आईचं रक्त काही थांबलं नाही. माझं घर बसलंय का, दिवान?"

दिवान गर्दीत होता. "आत्ता येतानाच पाहिलं, ईजा," तो चाचरत म्हणाला. "उभं आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले. "म्हातारे, प्रायश्चित्त घ्यावं लागेल!"

"घेईन की. आधी हे बघू द्या." आणि सरपंच पुढे येईपर्यंत ईजाने जिभेचा शेंडा विळ्याने सपकन कापला. रस पात्यावर पसरला. लोक श्वास रोखून बघत राहिले. वीज पडली नाही. पण हळूहळू पातं काळवंडायला लागलं.

"बघा! बघा कोप!" महाराजांना पुन्हा आवाज फुटला. "आईने काळं तोंड दाखवलं!"

"मग दर आश्विनात अक्रोड सोलताना माझ्यावर कोपच होतो म्हणायचा," ईजा बायकांकडे वळली. "का गं जसुली, तुझा विळा काळा होतो तेव्हा कुठली देवी येते?"

खीमककांची जसुली खो खो हसली, आणि तिच्या मागोमाग बायकांची सगळी रांग. हिरव्या अक्रोडाची साल, डाळिंबाची साल, लोखंडी कढई, यांतलं काय काळं होतं हे त्यांना कोण शिकवणार? महाराज एवढंच विसरले होते की भक्तांत निम्म्याहून जास्त स्वयंपाक करणारे होते.

मोहिनी पुढे आली. या वेळी तिने आवाज चढवला नाही. "परवा मी म्हणाले होते, हे टणक असतं, वरून शेंदूर फासलाय. चुकले. न बघता बोलले. आता बघून बोलते. हे अळंबच आहे, मेलेल्या बांजावर येणारं. लाल रस त्याचा स्वतःचाच आहे. रक्त साकळतं, हा साकळत नाही. रक्त विळा काळा करत नाही, हा करतो. म्हणून तर इथे लोखंड बंद आहे! पदमगिरीजी, मी चौकशी केलीय. साधू व्हायच्या आधी तुम्ही चिडाच्या झाडांचा लिसा, म्हणजे राळ, काढणाऱ्या ठेकेदाराकडे मुकादम होता ना? दहा जंगलं हिंडलात. कुठेतरी हे पाहिलंत, कोयता मारलात आणि पातं काळं झालेलं बघितलंत. खरं की नाही?"

महाराज आकाशाकडे बघू लागले. "आई स्वतः सांगेल ती काय आहे. या रानात आजवर असं कधी झालं होतं का? सांगा! कधी झालं होतं?"

"कधी नाही," मोहिनी म्हणाली, "कारण आजवर बायका मेलेलं झाड घरी नेत होत्या. चला ओढ्याकडे. तिथे आणखी तीन जिभा आहेत. त्यांना चुनरी नाही, महाराज नाहीत, पेटीही नाही. बिचाऱ्या उगाचच बाहेर आल्यात."

सगळी जत्रा ओढ्याकडे लोटली. खीमककांनी तिन्ही जिभा पाहिल्या, बोट लावलं, बोट हुंगलं. तिथेच ईजाने त्यांना हेमंतीच्या बंद पडलेल्या गोळ्यांचं सांगितलं. मग परत चढून आले आणि महाराजांना म्हणाले, "माझ्या पंचायतीतल्या सुनेच्या गोळ्या बंद केल्यात तुम्ही?"

"मी कुठे बंद केल्या?" महाराजांचा आवाज पहिल्यांदाच साधा निघाला. "म्हातारीने विचारलं, गोळीत लोखंड आहे, चालेल का? आता मी काय सांगणार होतो? नियम म्हणजे नियम!"

आणि यात तो खोटं बोलत नव्हता, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. त्याने फक्त आपलं बिंग झाकायला एक नियम केला होता. बाकीचं काम श्रद्धेने केलं, मनापासून, नेमाने, रोज सकाळी अनशापोटी.

महाराज त्याच दुपारी गेले. दिवानच्याच जीपने. दिवानने पूर्ण भाडं घेतलं आणि वर सांगितलं, "नाणी असतील तर नाणीसुद्धा चालतील. माझ्या जीपला लोखंडाचं वावडं नाही."

इथे गोष्ट संपवता आली असती, पण तुटलेले दिवस परत जोडता येत नाहीत. हेमंतीने त्या रात्रीपासून गोळ्या घेतल्या. पण तीन आठवडे वाया गेले होते, आणि दिवस भरत आले तेव्हा रुग्णालयातली डॉक्टर कागद बघून म्हणाली, "रक्त अजून कमी आहे. एक बाटली आधी चढवावी लागेल, एक हाताशी हवी. रक्तपेढीला बदली रक्त द्या. नातेवाईक कोण आहे?"

ईजाचं वय उलटलेलं. मोहिनीला मलेरिया होऊन तीन महिने झाले नव्हते. दिवानने एक बाटली दिली. दुसरीसाठी त्याने गावात फोन लावला. देवीचं रक्त घ्यायला ज्या रानात दहा गावं लोटली होती, तिथून माणसाला रक्त द्यायला कोण येतंय याची वाट बघत मोहिनी जिन्यात बसली. कुणाला कणकण होती, कुणाची म्हैस व्यायची होती. एकाला रक्त बघून भोवळ येते म्हणे. जिभेखाली लोटा धरायला सर्वांत पुढे तोच असायचा.

दुपारी गावाहून एक जीप आली. खाली उतरले खीमकका, एकटेच. मोहिनीला पाहून त्यांनी नजर चोरली. "चेली, माझ्या लेकी, त्या दिवशी रांगेत मी हसलो होतो. जरा जास्तच."

"मी पण बरळले होते, कका. चला."

ते खाटेवर आडवे झाले, बाही वर केली. नर्सने सुई काढली. ककांनी ती एकदा निरखून पाहिली.

"ही सुई लोखंडाची आहे का हो?"

"पोलादाची. का?"

"काही नाही. खरं रक्त निघेल, एवढीच खात्री करून घेतली."

सुई टोचली. नळीतून रक्त उतरू लागलं, दाट, गडद, गरम. ईजा दारात उभी राहून बघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं तिला भान नव्हतं.

संध्याकाळी हेमंतीला मुलगी झाली. सव्वादोन किलोची, किडकिडीत, पण आवाज असा की आरतीची घंटा मागे पडावी. ईजाने तिला मांडीवर घेतलं आणि पुन्हा पुन्हा तिच्या उघड्या तोंडातली इवलीशी लाल जीभ पाहत राहिली. मग मोहिनीला म्हणाली, "ही खरी."

वाचकहो, झाडाला रक्त येत नाही. माणसाला रक्त लागलं तर ते माणसानेच द्यायचं असतं. आणि कुणी सांगितलं की देवीला अमुक एक वस्तू चालत नाही, तर वाद घालू नका, फक्त ती वस्तू कमरेला खोचून आरतीला उभे राहा.